आत्ताच आली गाडी

बुधवार, ४ सप्टेंबर

ही डायरी खताच्या दुकानातून जानेवारीत अण्णांना फुकट मिळाली. अण्णांना लिहिता येत नाही, म्हणून ती आजवर पिठाच्या डब्यावर झाकण होती. आज मी ती झटकून घेतली. जानेवारीपासूनची कोरी पानं सोडायची म्हणजे नासाडी, आणि जानेवारीच्या पानावर सप्टेंबरचं लिहायचं म्हणजे खोटेपणा. बराच वेळ काही ठरेना. शेवटी खोटेपणापेक्षा नासाडी बरी म्हणून इथे आले.

लिहायचं कारण म्हणजे मला नोकरी लागली. आमच्या चिंचोळीला गाडी मिळाली आहे. पांढरी मिनीबस, बचत गटांच्या महासंघाच्या नावावर. पैसा एका कंपनीचा, तंत्र एका संस्थेचं, मी तिच्याकडेच लागले. सकाळी सव्वासातला शाळेसमोरून सुटायची, होटगी स्टेशनवरून सोलापुरात आसरा चौकापर्यंत जायची, संध्याकाळी परत. गाडीत एक यंत्र आहे. गाडी कुठे आहे ते यंत्र ऑफिसला कळवतं, आणि ते माझ्या टॅबवर आणि लोकांच्या मोबाइलवर दिसतं. चढताना प्रत्येकाने कार्ड टेकवायचं, म्हणजे कोण कुठे चढलं तेही कळतं. माझं पद माहिती समन्वयक. आईने विचारलं, "म्हंजे काय करायचं?" मी म्हणाले, गाडी वेळेवर जाते का ते बघायचं. आई म्हणाली, "ते तर बसव्वा बी बगती. फुकट."

चाचणी दिवाळीपर्यंत. आमच्या संस्थेचे ऋतुराज सर म्हणाले, शंभरातल्या नव्वद फेऱ्या वेळेवर झाल्या तर गाडी इथेच राहील, नाहीतर टेंभुर्णीकडच्या गावांना जाईल. गेली तर आम्ही पुन्हा वडापच्या जीपमध्ये. जीप भरेपर्यंत बसून राहायचं, आणि भरल्यावर आणखी चौघं आत कोंबेपर्यंत. या गाडीमुळे गावातल्या मुली कॉलेजला जायला लागल्या आहेत. वडापने जायला त्यांच्या घरचे नाही म्हणत होते. मी सोलापुरात मावशीकडे राहून शिकले. सगळ्यांना सोलापुरात मावशी नसते.

आईला वाचता येत नाही, म्हणून ही डायरी उघडी ठेवली तरी चालते. हे लिहून झाल्यावर वाईट वाटलं, पण खोडलं नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

डॅशबोर्डवर वेळेवर सुटलेला थांबा हिरवा दिसतो, उशिराचा लाल. आमची चिंचोळी रोज लाल! पुढचे थांबे त्याच्यामुळे लाल. गाडी शाळेसमोर वेळेत येते आणि तिथेच सात-आठ मिनिटं उभी राहते. का, ते यंत्राला कळत नाही. ते शोधणं माझं काम.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी सातलाच घर सोडते. आजही सातला निघाले. ओढ्यावरच्या फरशी पुलापर्यंत गेल्यावर गॅस बंद केला का ते आठवेना, म्हणून परत आले. आई म्हणाली, "मी हाय की घरात. गॅस काय पळून जातोय?" मग पेटीचं कुलूप ओढून बघितलं, कारण तिच्यात माझी सर्टिफिकेटं आहेत. मग टॅबचा चार्जर राहिला होता. तरीही मी पोहोचले तेव्हा गाडी उभीच होती. सवयीने विचारलं, "मामा, आत्ताच आली ना गाडी?"

"व्हय की, आत्ताच," हणमंतमामा म्हणाले. हणमंतमामा आमचे ड्रायव्हर. आधी वडाप चालवायचे.

मी सगळ्यांत शेवटी चढते. तसा नियमच केला आहे. आधी प्रवासी, मग कर्मचारी.

आईला हल्ली माशांचा त्रास फार होतोय. मी निघायच्या वेळी ओट्यावर उभी राहून सारखी पदर झाडत असते. ओढ्यापलीकडून, शाळेपासूनसुद्धा दिसतं.

मंगळवार, १० सप्टेंबर

यंत्र म्हणतं गाडी सात मिनिटं उभी होती. मामा म्हणतात आत्ताच आली. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय, आणि यंत्राला खोटं बोलायचं कारण नाही.

मामांच्या तळहातावर आज तंबाखू दिसली. तंबाखू मळायला, चुना लावायला, थोपटायला वेळ जाणारच. मी अगदी आदराने म्हणाले, "मामा, एक विनंती होती. तंबाखू होटगीत गेल्यावर मळाल का?"

"का गं? हितं काय वाईट हाय?"

"गाडीला उशीर होतो."

मामांनी आरशातून मागे बघितलं. मागे बसव्वा होती. ती सोलापुरात भाजी विकते, आणि तिची जागा ठरलेली आहे, पहिल्या बाकावर खिडकीशी. ती खिडकीबाहेर बघायला लागली. तिच्या शेजारच्या कस्तुराबाईने तोंडाला पदर लावला. मामा म्हणाले, "बरं बाई. उद्यापास्नं तंबाकू होटगीत."

वडीलधाऱ्या माणसाला बोलले. दिवसभर जेवण गेलं नाही. पण कर्तव्य होतं.

बुधवार, ११ सप्टेंबर

मामांनी तंबाखूला हात लावला नाही. चिंचोळी लाल. म्हणजे मामा निर्दोष. उद्या माफी मागायची.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

काल मामांची माफी मागितली. ते म्हणाले, "असू दे, असू दे. तेवढीच एक दिस कमी खाल्ली."

आज संशय बसव्वावर. तिची दोन मोठी गाठोडी असतात, मेथीचं एक, शेपू-चाकवताचं दुसरं. ती मागच्या दाराने चढवायची, पाणी शिंपडायचं, ओलं फडकं टाकायचं. माझ्या मते इथेच वेळ जातो. मी तिला सांगितलं, गाठोडी गाडी यायच्या आधी बांधून तयार हवीत.

बसव्वा मूळची अक्कलकोटकडची. राग आला की अर्धं कानडी होते. "यव्वा, माजी मेथी काय करतीया गं तुला? मेथी येळंवर चडती. मानसं चडत न्हाईत."

सगळी गाडी हसली. मीही हसले, नाहीतर तिला वाईट वाटलं असतं. पण ती कोणत्या माणसांबद्दल बोलत होती ते विचारायला हवं होतं. तपासात असे दुवे सोडून चालत नाही.

कस्तुराबाई उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "लई शिकलीस गं. जरा झोप बी घेत जा." तिला माझी काळजी वाटते. ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करते. दिवसभर उभी असते आणि काळजी माझी करते.

बुधवार, १८ सप्टेंबर

काल आणि आज सोलापुरात प्रशिक्षण. परवा रात्रीच मावशीकडे येऊन राहिले. आणि नवल म्हणजे दोन्ही दिवस चिंचोळी हिरवी! टॅबवर तो हिरवा ठिपका बघून डोळ्यांत पाणी आलं. बाजूच्या मुलाला वाटलं, घरी काहीतरी वाईट झालं.

मी विचार केला. दोन दिवस आमच्या लोकांनी शिस्त पाळली. मी समोर नसताना पाळली, म्हणजे ती आतून आलेली. माझ्या सांगण्याचा परिणाम जरा उशिरा झाला इतकंच. फोनवर आईला सांगितलं तर आईही म्हणाली, "व्हय, तू नसलीस की गाडीला लई शिस्त येती." आई सहसा माझं कौतुक करत नाही.

प्रशिक्षणात सरांनी एक नवी पेटी दाखवली. गाडीत बसवायची. सुटायची वेळ झाली की ती आपोआप बोलते, आणि गाडी हलेपर्यंत दर मिनिटाला बोलत राहते. तरी हलली नाही तर सरांना संदेश जातो. बोलण्यासाठी स्वच्छ आवाज हवा होता. सरांनी माझा घेतला. "गाडी सुटण्याची वेळ झाली आहे. कृपया निघावे." मला 'कृपया' आधी असावं की नंतर हे ठरवता येईना, म्हणून पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं. शेवटी सर म्हणाले, "पुरे बुद्धप्रिया, मीसुद्धा निघालो असतो एव्हाना."

शुक्रवार, २० सप्टेंबर

मी परत आले. चिंचोळी पुन्हा लाल, काल आणि आज. आतून आलेली शिस्त दोनच दिवस टिकली.

गुरुवार, २६ सप्टेंबर

उद्या मोठा दिवस. देणगी देणाऱ्या कंपनीच्या मॅडम मुंबईहून येणार आहेत. सर त्यांना सकाळीच चिंचोळीला आणतील, आणि आमच्या गाडीने सगळे सोलापूरला जातील. मॅडमचं मत चांगलं झालं तर दिवाळीची वाटसुद्धा बघायची नाही, गाडी कायम. मत बिघडलं तर टेंभुर्णी.

आज संध्याकाळी पेटी बसली. माझा आवाज मलाच ऐकू आला. फार कडक वाटला. मी मामांना हात जोडून सांगितलं, "उद्या कुणासाठीही थांबायचं नाही. अगदी कुणासाठीही."

मामांनी डोकं खाजवलं. "कुनासाटीबी?"

"कुणासाठीही."

"बग हां पोरी. तूच म्हन्तीयास."

लेखी द्यायला हवं होतं का?

शुक्रवार, २७ सप्टेंबर

जसं झालं तसं लिहिते.

सातला निघाले. नवीन साडी होती. फरशीवर आले आणि गॅस आठवला. परत गेले. बंद होता. पेटीचं कुलूप बघितलं, लागलेलं होतं. परत फरशीवर आले तर वाटलं, मघाशी कुलूप ओढून बघताना ते उघडलं तर नसेल? पुन्हा गेले. आई ओट्यावर दोन्ही हातांनी पदर झाडत होती आणि ओरडत होती, "पळ गं भवाने! पळ!" माशांना ती भवानी का म्हणते ते कळेना.

मी शाळेच्या वळणावर आले आणि गाडी निघाली.

माझ्यासमोर निघाली! मी "मामा! मामा!" करत धावले. टॅब छातीशी धरला होता. त्याच्यावर गाडीचा ठिपका अगदी स्पष्ट दिसत होता, रस्त्यावर सरकताना, माझ्यापासून लांब जाताना. यंत्रात काही दोष नव्हता. चिंचोळी हिरवी झाली.

मागून आबासाहेब दूधवाला मोटरसायकलवर आला. दोन्ही बाजूला कॅन. म्हणाला, "बस की. पन कॅनाला धरू नगंस, सांडंल. मला बी धरू नगंस, म्होरं माजी सासुरवाडी हाय." मग मी कशालाच धरलं नाही. देव मानत नसले तरी त्या रस्त्यावर बऱ्याच जणांची आठवण काढली.

होटगीच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. रांगेत सगळ्यात पुढे आमची गाडी. मालगाडी डबे मोजायला लावत चालली होती, आणि गाडीतून माझाच आवाज येत होता, "गाडी सुटण्याची वेळ झाली आहे. कृपया निघावे." मालगाडीसमोर, बंद फाटकासमोर, दर मिनिटाला.

मी दार उघडून चढले. नव्या साडीवर दूध. पुढच्या बाकावर एक चष्म्याच्या बाई, त्या मॅडम. शेजारी सर.

मला राहवलं नाही. "मामा, मला सोडून कसे निघालात?"

"मी कुटं निघालो?" मामा म्हणाले. "तूच म्हनालीस, कृपया निघावे. दोनदा म्हनालीस."

"अगं, मी ओरडले की!" बसव्वा उठूनच उभी राहिली. "निल्सो, गाडी थांबीव म्हनून ह्याच्या टकुऱ्यात मारलं. ह्यो सायेब म्हन्तोय, चला चला. रोज थांबतोय पोरीसाटी, आन आजच काय मड्याची घाई आली?"

"रोज?" मॅडमनी विचारलं.

"रोज म्हंजे..." मामांनी माझ्याकडे बघितलं, मग आरशात. "रविवारी न्हाय. रविवारी तिला सुट्टी असती."

मी म्हणाले, "पण तुम्ही तर म्हणता, आत्ताच आली!"

मामा ओशाळले. कस्तुराबाई हळूच म्हणाली, "मग काय म्हनायचं, बाई? तासभर ताटकळलो म्हनायचं व्हय? पळत आलेल्या मानसाला असं बोलत न्हाईत."

"आन तुज्या आईचा पदर दिसतोय की हितनं," मामा म्हणाले. "पदर हलला, म्हंजे तू निघालीस. लई हलला, म्हंजे परत गेलीस."

फाटक उघडलं. पेटी म्हणाली, कृपया निघावे. पहिल्यांदाच बरोबर म्हणाली.

शनिवार, २८ सप्टेंबर

काल रात्री सगळी माहिती पुन्हा लावून बघितली. कार्डांच्या यादीत रोज शेवटचं कार्ड माझं, आणि माझं कार्ड टेकलं की लगेच गाडी हललेली. हे इतके दिवस माझ्या टॅबवर होतं. मला वाटत होतं ती माझी नम्रता.

आज अहवाल भरला. उशिराचं कारण निवडायला चारच पर्याय आहेत, रस्ता, चालक, हवामान, इतर. मी प्रत्येक लाल दिवसासमोर 'इतर' निवडून पुढे लिहिलं, "बुद्धप्रिया सर्वगोड, माहिती समन्वयक." ज्यांच्यावर संशय घेतला त्यांची नावं वगळण्याची विनंती केली. राजीनामाही जोडला.

सरांचा फोन आला. ते म्हणाले, "तू राजीनामा दिलास तर गाडी वेळेवर सुटेल, हे माहितीवरून सिद्ध होतं. पण त्यापेक्षा लवकर उठत जा." राजीनामा परत पाठवला. मॅडमनी निर्णय दिवाळीवर ठेवला. पेटी मात्र चालू राहणार. सर पेटीवर खूश आहेत.

आईला म्हणाले, तू मला एकदाही सांगितलं नाहीस! आई भाकरी थापत म्हणाली, "काय सांगायचं? तू शिकलेली. मला वाटलं, हापिसातनंच ठरवून दिलं असंल तुला मागनं यायचं."

माशांबद्दल मी काही विचारलं नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

आठवडाभर सगळं हिरवं. मी पहाटे उठते, गॅस आईला बघायला लावते आणि मागे वळत नाही. सरांनी हिरव्या डॅशबोर्डचं चित्र मोबाइलवरच्या सगळ्या गटांत टाकलं, त्यावर टाळ्या.

पण मी रोज कार्डांचा तक्ता बघते, आणि ठिपके जसजसे हिरवे होत गेले तसतशी माणसं कमी झाली. कस्तुराबाई दोनदा राहिली. तिची म्हैस धार देईना. दुसऱ्या वेळी ती वडापच्या जीपमध्ये गेली, आणि आता रोज तिकडेच असते. म्हणते, "जीप भरंपर्यंत तर थांबती की. तुजी गाडी लई हुशार झाली बाई." गाडीत आता बोलणंही कमी झालंय. सगळे पेटीकडे बघत बसतात.

आणि प्रियंका. ती पहिल्या वर्षाला आहे, शेवटच्या वस्तीवरून चालत येते. दोन दिवस गाडी तिच्या डोळ्यांदेखत गेली. आज कळलं, तिच्या वडिलांनी सांगितलं, गाडीचा भरवसा नाही, आता घरी बस.

डॅशबोर्ड हिरवा आहे आणि प्रियंका घरी आहे. माझ्या आवाजाने बसवली तिला.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सरांकडे गेले. पायऱ्या चढताना दोनदा परत उतरले. मग गेले.

दोन तक्ते शेजारी ठेवले, एक वेळेचा, एक माणसांचा. म्हणाले, "सर, गाडी कुठे आहे ते लोकांना दिसतं. लोक कुठे आहेत ते गाडीला दिसत नाही. आधी दिसायचं."

"कशाने?"

"आईच्या पदराने."

मी पुढे सगळं एका दमात सांगितलं, नाहीतर राहिलं असतं. ज्याला उशीर होतोय त्याने एका नंबरवर मिसकॉल द्यायचा. पेटीने 'निघावे' न म्हणता म्हणायचं, 'एकजण येत आहे, थांबावे.' पाच मिनिटांच्या वर नाही. आणि डॅशबोर्डवर तिसरा रंग, पिवळा. लाल म्हणजे उशीर झाला, पिवळा म्हणजे वाट बघितली.

सर म्हणाले, "पण बुद्धप्रिया, वाट बघणं हा आपल्या हिशेबात दोषच आहे."

मी म्हणाले, "दोष असता तर मी इथपर्यंत आले नसते, सर. महिनाभर सगळ्यांनी माझीच वाट बघितली."

असं बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. सरांनी दोन्ही तक्ते जवळ ओढले. मग म्हणाले, "मॅडमना विचारतो. पाच नाही, चार." मग जाता जाता, "आवाज मात्र तुझाच लागेल."

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

खंडेनवमी. मामांनी गाडी धुतली, झेंडूच्या माळा घातल्या आणि पूजा केली. माझं पेटीकडे लक्ष जाईपर्यंत मामांनी तिला हळदकुंकू लावून तिच्यावर नारळ फोडला होता. "तीबी हत्यारच की," म्हणाले. नारळाचं पाणी आत गेलं. तेव्हापासून माझा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. गाडी कुठे आहे ते कळवणाऱ्या यंत्रावरही माळेचा भार होता. दुपारभर गाडी उजनी धरणाच्या मधोमध दिसत होती. सरांचे सात फोन आले. मी सांगितलं, सर, पूजा आहे.

बसव्वा पेटीला कान लावून म्हणाली, "आत्ता खरी तू वाटतीस. आदी कोन साळंतली बाई बोलतीया असं वाटायचं."

मॅडमची परवानगी आली आहे. संध्याकाळी प्रियंकाच्या घरी गेले. तिचे वडील शेरडाला पाला टाकत होते. मी मिसकॉल समजावला. म्हणाले, "आनि न्हाय थांबली तर?"

"थांबेल. मी सांगते ना."

"तूच तर सांगत हुतीस, निघावे म्हनून. आमी ऐकलंय."

मी म्हणाले, "दादा, एक दिवस पाठवून बघा. गाडी गेली तर मी तिला चालत कॉलेजला नेऊन सोडते." सोलापूर किती लांब आहे ते त्यांनाही माहीत आहे, मलाही. ते हसले. प्रियंका दारातून ऐकत होती.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

सव्वासात झाले. प्रियंका नाही. मी गाडीच्या दारात उभी. नखं खायची नाहीत असं ठरवलं होतं.

पेटी खरखरली. "एकजण येत आहे. थांबावे."

सगळी गाडी वस्तीच्या रस्त्याकडे बघायला लागली. बसव्वाने बाक रिकामा करून मेथीचं गाठोडं मांडीवर घेतलं. प्रियंका धापा टाकत आली, वेणीची रिबीन सुटलेली. चढताना म्हणाली, "मामा, लई येळ झाला का?"

"कुटं? आत्ताच आली गाडी," मामा म्हणाले.

चिंचोळी पिवळी झाली. कस्तुराबाई फाट्यावर जीपची वाट बघत उभी होती. गाडीतून बसव्वाने तिला हाक मारली, "ये की गं, थांबायला शिकली बग गाडी!"

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

गाडी राहिली.

निर्णय दिवाळीआधीच झाला. काल संध्याकाळी सर गावात आले, बचत गटाच्या बैठकीत त्यांनी सांगितलं. माझे सप्टेंबरचे लाल दिवस हिशेबातून वगळले, उरलेल्यांत हिरवे आणि पिवळे मिळून नव्वदच्या वर गेले. टेंभुर्णीला दुसरी गाडी मिळणार आहे, तिच्यातही पिवळा रंग असेल. बायकांनी सरांना जेवायला घालून घालून बेजार केलं. सर रात्री गटाच्या खोलीवर राहिले. सकाळची फेरी स्वतः बघायची म्हणाले.

आज मी साडेसहालाच शाळेसमोर होते. गाडी यायच्या आधी. मामांनी मला बघून ब्रेक दाबला आणि विचारलं, "बरं न्हाय का गं?" मी सगळ्यांत आधी चढले, सगळ्यांत आधी कार्ड टेकवलं आणि बसव्वाच्या जागेशेजारी बसले. रिकाम्या गाडीत बसून लोक येताना बघायला छान वाटतं. हे मला माहीत नव्हतं.

सव्वासात. सगळे आले, प्रियंकाही. सर नाहीत. मिसकॉलही नाही. पेटी म्हणाली, "कृपया निघावे." मी मामांकडे बघितलं, मामांनी माझ्याकडे. नियम माझाच होता. पुन्हा "कृपया निघावे." घसा बसलेला, पण शब्द स्पष्ट.

तेवढ्यात प्रियंका म्हणाली, "ताई, तुज्या आईकडं बग."

ओढ्यापलीकडे आई ओट्यावर उभी होती आणि पदर झाडत होती. दोन्ही हातांनी. घरात कुणीच निघायचं राहिलं नव्हतं. मग दिसलं. खाली फरशीवरून सर पळत येत होते, एका हातात बूट, दुसऱ्या हातात लॅपटॉप आणि लोंबणारी वायर. मोबाइल बंद पडला असणार, नाहीतर मिसकॉल दिला असता. चार्जर काल आमच्याकडे चहाला आले तेव्हा तिथेच राहिला होता, तोच घेऊन येत असणार.

"एकजण येतंय," मामा म्हणाले, आणि इंजिन बंद केलं. पेटीलाही जरा हात लावला, ती गप्प झाली. कुठे हात लावला ते मी बघितलं नाही.

आम्ही बराच वेळ थांबलो. चार मिनिटांपेक्षा नक्कीच जास्त. माझ्या मांडीवर टॅब होता आणि चिंचोळी सरळ लाल झाली.

सर चढले. घाम, चिखल, एकाच पायात बूट. श्वास सापडल्यावर त्यांनी घड्याळ न बघताच विचारलं, "आत्ताच आली ना गाडी?"

मामांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. बसव्वा खिडकीबाहेर बघायला लागली. कस्तुराबाईने तोंडाला पदर लावला.

मी टॅब पालथा ठेवला.

"हो सर," मी म्हणाले. "आत्ताच."